मुंढा, गळा आणि माया

लालबागला आमच्या दोन खोल्या होत्या, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आईचं शिलाई मशीन, आणि त्या मशीनला खेटून, म्हणजे आई पायडल मारायला बसली की तिचं कोपर कीबोर्डला लागायचं इतकं खेटून, २००३ साली दादाने कॉम्प्युटर आणून ठेवला. लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून जमवलेला सेकंडहँड पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम. पहिल्याच आठवड्यात त्यावर डायब्लो टू आला. गेम तसा २००० सालचा, पण आमच्या घरापर्यंत पोचायला त्याला तीन वर्षं लागली. दादाने बार्बेरियन, म्हणजे दांडगा योद्धा, घेतला आणि मला सांगितलं की माझ्या कॅरेक्टरला हात लावायचा नाही, खेळायचं तर तुझं वेगळं बनव. मी तेव्हा चौदा वर्षांची. मी नेक्रोमॅन्सर घेतला, मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक, पांढऱ्या केसांचा हडकुळा माणूस. बाकीचे सगळे लढायच्या तयारीत वाटत होते आणि हा काहीतरी विचार करत असल्यासारखा दिसत होता, म्हणून घेतला.

तेव्हापासून मी हेच खेळतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या प्रकाराला एआरपीजी म्हणतात, ॲक्शन रोल-प्लेइंग गेम. एक कॅरेक्टर घ्यायचं, राक्षस मारायचे, लेव्हल वाढवायची, मिळालेलं सामान अंगावर चढवायचं आणि स्किलचे पॉइंट कुठे टाकायचे ते ठरवायचं. सुरुवातीला जो निवडता तो क्लास, आणि त्या क्लासमधून पुढे तुम्ही स्वतःचं जे घडवता तो बिल्ड. सगळी गंमत या दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि सगळं भांडणही तिथेच आहे. क्लास फार घट्ट केला तर सगळ्यांचे नेक्रोमॅन्सर एकसारखे होतात, आणि फार सैल केला तर नेक्रोमॅन्सर निवडला काय न् ढालवाला पॅलाडिन निवडला काय, शेवटी एकच होतं. गेम बनवणारे गेली पंचवीस वर्षं याच्याशी झटतायत, आणि मला वाटतं याचं जे काही मला कळलंय ते निम्मं त्या मशीनशेजारी बसून कळलंय.

आई चाळीतल्या बायकांची ब्लाऊज शिवायची. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. गिऱ्हाईक यायचं ते गळ्याचं चित्र घेऊन, मासिकातलं कापलेलं पान नाहीतर सिरियलमधल्या कुणाचं वर्णन, काकू मागे असा खोल हवा, पुढे पानगळा हवा, बाहीला असं हवं. आई सगळ्याला हो म्हणायची. पण माप घ्यायला लागली की तिचा टेप खांद्यावर आणि काखेपाशी जास्त वेळ थांबायचा, तिथे ती दोनदा मोजायची, हात वर कर म्हणायची, खाली कर म्हणायची. एकदा समोरच्या खोलीतली ताई तिच्या मैत्रिणीचं ब्लाऊज घेऊन आली, अगदी अस्संच शिवून द्या म्हणाली, तेव्हा आई म्हणाली होती, "अगं गळा तू म्हणशील तो देते, पण मुंढा तुझाच राहणार." मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई. तो चुकला की ब्लाऊज दिसायला कितीही सुंदर असो, हात वर होत नाही, लोकलमध्ये वरची कडी धरता येत नाही.

माझ्या डोक्यात क्लास म्हणजे मुंढा आणि बिल्ड म्हणजे गळा, हे तिथून बसलंय ते बसलंय.

आता नेक्रोमॅन्सरचा मुंढा कुठला ते सांगते. डायब्लो टू मधला नेक्रोमॅन्सर सुरू होतो तेव्हा त्याच्या हातात एक वाँड, म्हणजे जादूची काठी, असते आणि त्या वाँडमुळे त्याला सांगाडा उठवता येतो. पण सांगाडा उठवायला मढं लागतं. आणि मढं पाडायला तर सांगाडा हवा, कारण हा माणूस स्वतः काही ताकदीचा नाही. त्यामुळे छावणीतून बाहेर पडलं की पहिली पाच मिनिटं तुम्ही एका झोंबीला त्या काठीने बडवत असता, चार फटके हुकतात, दोन लागतात, तो तुम्हाला एक ठेवून देतो, तुम्ही मागे सरता, परत जाता. मग तो पडतो. मग त्याच्यातून पहिला सांगाडा उठतो आणि त्या क्षणापासून सगळं बदलतं, दोघं मिळून दुसरा पाडता, त्याचा दुसरा सांगाडा होतो, आणि अर्ध्या तासाने तुमच्यामागे पलटण चाललेली असते. पण गेम सेव्ह करून बाहेर पडलात की पलटण गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बसलं की परत पहिलं मढं शोधायचं.

हे पहिलं मढं ही नेक्रोमॅन्सरची अडचण आहे आणि माझं म्हणणं असं की हीच त्याची ओळख आहे. त्याचे काळे कपडे, हाडं, हिरवा धूर हे सगळं वरचं झालं. बघा ना, त्याचे जे वेगवेगळे बिल्ड आहेत ते सगळे याच एका अडचणीला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. सांगाड्यांवर पॉइंट टाकलेत तर मातीचा गोलेम, म्हणजे मंत्राने उभा केलेला पुतळा, पुढे घालून त्याच्याकडून पहिला पाडून घ्यायचा, कारण मातीच्या गोलेमला मढं लागत नाही. हाडांचा रस्ता घेतलात तर बोन स्पिअरने, म्हणजे हाडाच्या भाल्याने, स्वतःच पहिला पाडायचा, मग मढ्याचा स्फोट करायचा, आणि त्या स्फोटाची ताकद मेलेल्या राक्षसाच्या आयुष्यावर ठरते, तुमच्या सामानावर नाही, म्हणजे राक्षस जितका तगडा तितका त्याचा स्फोट मोठा. विषाचा रस्ता घेतलात तर पॉइझन नोव्हा, म्हणजे चहूकडे पसरणारं विष, फेकून लांब पळायचं आणि विष चढेपर्यंत वाट बघायची, शिवाय पॉइझन एक्स्प्लोजनला परत मढंच लागतं. तीन माणसं तीन तऱ्हेने खेळतायत, पण तिघांचंही लक्ष जमिनीवर कुठे काय पडलंय तिकडेच असणार. दादाच्या बार्बेरियनला जमिनीवर फक्त सामान दिसायचं, मला मढी दिसायची. एकाच स्क्रीनवर एकाच जागी आम्ही दोघं दोन वेगळे गेम खेळत होतो.

आणि मग गेममध्ये आर्केन सँक्चुअरी नावाची जागा येते. तिथली भुतं मेल्यावर मढं ठेवतच नाहीत. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पलटण एकेक करून संपली आणि मला काही सुचेना. त्याच्यापुढे ड्युरिएल नावाचा मोठा राक्षस, तो तर एका बंद खोलीत एकटा उभा, त्याच्याबरोबर दुसरं कुणीच नाही, म्हणजे एकही मढं मिळायची सोय नाही. मी दोन दिवस मरत होते. शेवटी गोलेम उभा करायचा, ड्युरिएल त्याला फोडायचा, की लगेच दुसरा उभा करायचा, मंत्राची ताकद भरून देणारी निळी बाटली प्यायची, परत गोलेम, असं करत करत, मातीचा गोलेम शत्रूला जरा जड करतो, हळू करतो, तेवढाच आधार, आणि मागून मी एकेक हाड फेकत होते. आई त्या वेळी कुणाच्या तरी लग्नाचे सोळा ब्लाऊज शिवत होती आणि मी ओरडले तेव्हा तिच्या हातातली सुई खाली पडली होती. बार्बेरियनने ड्युरिएल मारणं वेगळं आणि नेक्रोमॅन्सरने मारणं वेगळं. तोच ड्युरिएल, तीच खोली. क्लासने गेमचा नकाशाच बदलून टाकला होता, आणि मला वाटतं चांगल्या क्लासचं कामच ते आहे.

एक मैत्रीण होती, तिच्याबरोबर आम्ही दादरच्या एका सायबर कॅफेत लॅनवर खेळायचो, तासाला वीस रुपये. ती सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण, बर्फवाली. बर्फाने राक्षस मेला की त्याचे तुकडे तुकडे होतात, मढं उरतच नाही. ती मारत सुटायची आणि मी मागून ओरडत असायचे अगं थांब, एक तरी राहू दे. आमची त्यावरून खरी भांडणं झालीत. पण आज विचार केला तर ते भांडण किती सुंदर होतं, दोन क्लास एकमेकांच्या पायात येत होते, कारण दोघांचा जगाकडे बघायचा धर्म वेगळा होता. मग तिने आगीचे थोडे पॉइंट टाकले, मी फक्त तिच्या पुढे जायला शिकले, आणि आमचं जमलं.

पॉइंटचं गणितही सांगायला हवं. डायब्लो टू मध्ये लेव्हल ९९ पर्यंत गेलात, जे फार थोडे जातात, तर लेव्हलचे ९८ आणि क्वेस्टचे, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्यांचे, १२, असे एकूण ११० पॉइंट मिळतात. क्लासला स्किल ३०, प्रत्येकात २० पॉइंट जातात, म्हणजे जागा ६०० आणि हातात ११०. पाचव्या भागापेक्षा कमी. म्हणजे प्रत्येक क्लासच्या पाचांतल्या चार भागांना तुम्ही नाही म्हणता तेव्हा कुठे एक बिल्ड होतो. माझा पहिला नेक्रोमॅन्सर मी या हिशोबाशिवाय वाढवला होता, प्रत्येक स्किलमध्ये एकेक पॉइंट, सगळं थोडं थोडं, आणि नाइटमेअर या पुढच्या अवघड पातळीवर तो अडकला. तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोय नव्हती. ती २०१० च्या १.१३ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, आली. म्हणजे तोपर्यंत दहा वर्षं जगभरातले लोक चुकलेला कॅरेक्टर तसाच सोडून पहिल्यापासून दुसरा सुरू करत होते. मीही केला. त्या पहिल्याची फाईल मी पुष्कळ दिवस फ्लॉपीवर जपून ठेवली होती, काही केबीची फाईल असते ती, मग एकदा दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर फॉरमॅट होऊन आला आणि फ्लॉपी आधीच खराब झाली होती, ते कळलं तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले होते.

आता दुसरी बाजू. २००३ मध्येच १.१० पॅच आला, त्यात सिनर्जी आल्या, म्हणजे एका स्किलमध्ये टाकलेले पॉइंट दुसऱ्या स्किललाही बळ देणार. कल्पना चांगली होती, सुरुवातीच्या लेव्हलची स्किलं शेवटपर्यंत उपयोगी राहावीत म्हणून. पण त्याचा परिणाम असा झाला की एक मुख्य स्किल घ्या, तिच्या सगळ्या सिनर्जी भरा, पॉइंट संपले. मधल्या आडवाटा, दोन स्किलं अर्धी-अर्धी घेऊन केलेले विचित्र बिल्ड, ते बरेचसे मावळले. पॅलाडिनचा ब्लेस्ड हॅमर, त्याचं बळ वाढवणारा कॉन्सन्ट्रेशनचा ऑरा आणि त्याच्या सिनर्जी जुळल्यावर इतका जबरदस्त झाला की हॅमरडिन हा शब्दच तयार झाला, आणि जिकडे बघावं तिकडे गोल फिरणारे हातोडे. पॅलाडिनकडे बाकी किती काय होतं, ढाल होती, झील म्हणजे भराभर वार होते, पण बहुतेकांनी हातोडे घेतले.

त्याच सुमाराला एनिग्मा नावाचा रूनवर्ड आला, जाह, इथ आणि बेर हे तीन रून, म्हणजे जादूचे दगड, चिलखतात बसवले की तो होतो, आणि तो अंगात घातला की कुठल्याही क्लासला टेलिपोर्ट मिळतो. टेलिपोर्ट हे सॉर्सरेसचं होतं. लेव्हल १८ ला तिला ते मिळायचं आणि ती भिंतीपलीकडे उडी मारायची तेव्हा बाकीचे आम्ही चालत मागून यायचो. ती नाजूक, दोन फटक्यांत मरणारी, पण ती कुठेही पोचायची. एनिग्मा आल्यावर पॅलाडिनही उडायला लागला, बार्बेरियनही उडायला लागला, आणि माझा नेक्रोमॅन्सरसुद्धा उडायला लागला, अख्खी पलटण घेऊन. मी खोटं बोलणार नाही, फार मजा आली, शत्रूच्या डोक्यावर सगळे सांगाडे एकदम उतरायचे. बिल्ड वाढले, हे खरं. पण माझ्या त्या मैत्रिणीने सॉर्सरेस खेळणं सोडलं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं की का. तिचा मुंढा काढून सगळ्यांना वाटला होता.

डायब्लो थ्री १५ मे २०१२ ला आला तेव्हा मी नोकरीला लागले होते, परळला, आणि पहिल्या महिन्याच्या पगारातून तो घेतला होता. तिथे स्किल ट्री, म्हणजे पॉइंट टाकायचं स्किलचं झाड, काढूनच टाकली. सहा स्किलं बारवर, म्हणजे स्क्रीनखालच्या पट्टीवर, प्रत्येकीला तिचा परिणाम बदलणारा रून, हवं तेव्हा बदला, काही खर्च नाही. मला पहिले सहा महिने हे फार मोकळं वाटलं. रोज संध्याकाळी नवीन बिल्ड. मग हळूहळू लक्षात आलं की मला माझ्या विचडॉक्टरबद्दल, म्हणजे तिथे मी घेतलेल्या क्लासबद्दल, काही वाटत नाहीये, कारण तो काल जो होता तो आज नव्हता आणि उद्या तिसराच असणार होता, सगळे विचडॉक्टर सगळं करू शकत होते. पुढे तिथे सेट आले, सहा तुकडे घातले की अमुक स्किलचं डॅमेज हजारो टक्क्यांनी वाढणार. म्हणजे निवड परत आली, पण ती खेळणाऱ्याची राहिली नाही, कपाटात टांगलेल्या तयार ब्लाऊजसारखी झाली, हा घाला नाहीतर तो घाला. जून २०१७ मध्ये तिथे नेक्रोमॅन्सर आला तेव्हा मी त्याच रात्री डाउनलोड करून बसले होते. दिसायला देखणा, हालचाल उत्तम. पण त्याचे सांगाडे आपोआप जमिनीतून उठतात. मढं लागत नाही. शिवाय लँड ऑफ द डेड म्हणून एक स्किल आहे, ती वापरली की दहा सेकंद हवी तितकी मढी मोफत. मी ती खूप वापरली, तिची ताकद अफाट आहे, आणि तरी मला सारखं वाटत होतं की कुणीतरी माझं काम करून ठेवलंय.

पाथ ऑफ एक्झाइलने उलट टोक गाठलं. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये काढलेला गेम. तिथे स्किलं क्लासच्या नाहीतच, ती रत्नं आहेत, सामानाच्या खोबणीत बसवायची, कुणीही बसवावीत. आणि पॅसिव्ह ट्री, म्हणजे कायमचं बळ देणाऱ्या पॉइंटचं झाड, एकच, तेराशेच्या वर नोड म्हणजे जागा, सात क्लास, सगळे त्याच झाडावर, फक्त सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून. कागदावर बघितलं तर क्लास संपलाच. पण खेळल्यावर कळतं की जागा ही फार मोठी गोष्ट आहे. भायखळ्याला राहणारा आणि विरारला राहणारा दोघेही चर्चगेटला नोकरी करू शकतात, दोघांनाही तिकीट मिळतं, पण रोजचं जाणं-येणं माणसाला वेगळं घडवतं ना. विच, म्हणजे तिथली जादूगारीण, तिला तलवारबाज करायचं तर झाडावर लांबचा प्रवास, वाटेत खर्च होणारे पॉइंट, आणि त्या वाटेवर जे मिळालं त्याने तिचा तलवारबाज मरॉडरच्या, म्हणजे तिथल्या आडदांड योद्ध्याच्या, तलवारबाजापेक्षा वेगळाच होतो. खोबणींच्या रंगातही ते आहे, ताकदीच्या चिलखतात लाल खोबणी सहज पडतात, निळ्या पाडायला जीव जातो. शिवाय त्या झाडावर कीस्टोन आहेत, खेळण्याचे नियमच बदलणारे नोड, ते मला सगळ्यात आवडतात. केऑस इनॉक्युलेशन घेतला तर तुमचं आयुष्य १ होतं, फक्त १, आणि केऑस नावाच्या प्रकारचा मार लागतच नाही. रेझोल्यूट टेक्निक घेतला तर तुमचा वार चुकवता येत नाही, पण क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जोराचा फटका, कधीच बसणार नाही. काहीतरी कायमचं सोडून द्यायचं आणि त्या सोडण्यातून स्वतःचा आकार मिळवायचा. क्लासने दिलेली अडचण नाही तर तुम्ही स्वतः हौसेने घेतलेली. तरी २०१६ मध्ये त्यांनी ॲसेंडन्सी आणल्या, प्रत्येक क्लासच्या खास शाखा, म्हणजे त्यांनाही कुठेतरी जाणवलं असणार की लोकांना आपण कोण आहोत हे सांगायला एक नाव हवं असतं.

नावावरून आठवलं, ग्रिम डॉन हा गेम. तिथे दोन मास्टरी, म्हणजे दोन क्लासच, एकत्र करता येतात, नऊ मास्टरी आणि त्यांच्या ३६ जोड्या, आणि प्रत्येक जोडीला स्वतःचं नाव. नेक्रोमॅन्सर आणि ऑकल्टिस्ट मिळून कॅबलिस्ट, सोल्जर आणि ऑकल्टिस्ट मिळून विचब्लेड. नुसतं नाव, बाकी त्याने आकड्यांत काही फरक पडत नाही. पण मी कॅबलिस्ट आहे असं म्हणताना जे वाटतं ते दोन झाडांत पॉइंट टाकलेत असं म्हणताना वाटत नाही.

बॅलन्सबद्दल सगळे बोलतात ते आकड्यांचं, याचं डॅमेज कमी करा, त्याचं वाढवा. ते हवंच, एक बिल्ड दुसऱ्याच्या दसपट जोरात धावत असेल तर लोक तिकडेच जाणार, त्यांना दोष देऊन काय होणार. पण मला वाटतं त्याहून अवघड गोष्ट वेगळी आहे. डायब्लो फोर जून २०२३ मध्ये आला तेव्हाचा सॉर्सरर आठवतो का? सहा जागा बारवर, आणि टिकून राहायचं तर फ्लेम शील्ड, टेलिपोर्ट, आइस आर्मर, फ्रॉस्ट नोव्हा हे चार जवळपास प्रत्येकाच्या बारवर. उरल्या दोन. आगीचा सॉर्सरर, विजेचा सॉर्सरर, बर्फाचा सॉर्सरर, तिघांच्या बारवर चार जागा त्याच. अडचण होती, ती म्हणजे हा नाजूक आहे, पण त्या अडचणीला उत्तर एकच होतं. अडचण एक आणि उत्तरं अनेक, तर क्लास जिवंत राहतो. उत्तर एकच असेल तर ती सक्ती होते. आणि त्याच गेममध्ये बार्बेरियन चार हत्यारं एकदम अंगावर घेऊन फिरतो, दोन मोठी, दोन लहान, आणि प्रत्येक वारासाठी कुठलं हत्यार ते ठरवता येतं, ते बघून मी दादाला फोन केला होता, म्हटलं तुझा बार्बेरियन आता शस्त्रपूजा अंगावरच घेऊन चाललाय. नेक्रोमॅन्सरलाही तिथे एक छान गोष्ट दिलीय, बुक ऑफ द डेड, त्यात तुम्ही आपली पलटण बळी देऊन स्वतः बळकट होऊ शकता. पलटणीशिवायचा नेक्रोमॅन्सर. मला आधी पटलं नव्हतं, पण करून बघितलं तर तरीही तो मढ्यांकडेच बघतो, मढ्यांवरच जगतो. मुंढा जागेवर होता.

आईचा अजून एक शब्द राहिला. माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. तयार ब्लाऊजमध्ये ती पाव इंचसुद्धा नसते, आई दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडायची. पोरगी लग्नाची असेल तर दीड. बाळंतपणानंतर त्याच बायका तेच ब्लाऊज घेऊन यायच्या, आई ब्लेडने टीप उसवायची, माया बाहेर काढायची, परत टीप मारायची, आणि ब्लाऊज परत अंगाला बसायचं. जुन्या टीपेच्या जागी बारीक भोकांची ओळ राहायची. ती जात नाही.

रिस्पेक, म्हणजे टाकलेले पॉइंट परत घेणं, मला असा हवा. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये ऑर्ब ऑफ रिग्रेट आहे, ऑर्ब खर्च केली की टाकलेले पॉइंट परत, असं एकेक टाका उसवल्यासारखं. डायब्लो टू मध्ये आता छावणीतली आकारा प्रत्येक डिफिकल्टीला, म्हणजे अवघडपणाच्या पातळीला, एकदा रिस्पेक देते, त्यापुढे हवा तर मोठ्या राक्षसांकडून चार एसेन्स नावाच्या वस्तू गोळा करायच्या. थोडी किंमत, थोडे कष्ट, पण दार बंद नाही. लास्ट एपॉक या गेमची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हा त्यांनी हे फार विचाराने केलं होतं असं माझं मत आहे. पाच क्लास, प्रत्येकाच्या तीन मास्टरी, म्हणजे इथे क्लासच्या शाखा. मास्टरी एकदा निवडली की ती तुमची, ती तेव्हा बदलता येत नव्हती. पण बाकीच्या दोन मास्टरींच्या झाडाचा खालचा अर्धा भाग तुम्हाला खुला, आणि प्रत्येक स्किलला स्वतःचं वेगळं झाड, ते हवं तेव्हा मोडा आणि परत वाढवा, फक्त स्किल काही पायऱ्या मागे जाते. तिथल्या सांगाडे उठवायच्या स्किलच्या झाडात सगळे सांगाडे तिरंदाज करता येतात, तेव्हा पलटण तीच पण मला उभं कुठे राहायचं, पळायचं कुठे, हे सगळं बदललं. मुंढा पक्का, गळा मोकळा, आणि शिवणीत माया. मी हे आईला सांगितलं होतं, ती म्हणाली, "बरं केलं त्यांनी."

दादाची मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. सुट्टीत माझ्याकडे येते. ती सगळं गाईड बघून खेळते, एका टॅबमध्ये गाईड, दुसरीकडे गेम, लेव्हल अमुक ला हा पॉइंट, तमुक ला तो. मला याचा राग येत नाही, तिच्या वेळापत्रकात शिकवणी, परीक्षा, सगळं बसवून तिला जो तास मिळतो तो तिला वाया घालवायचा नसतो, हे मी समजू शकते. पण परवा तिने विचारलं, "आत्या, तू एवढी वर्षं एकच का खेळतेस?" मी तिला डायब्लो टू रिझरेक्टेड लावून दिला, २०२१ चा, तोच जुना गेम नव्या अंगाने, आणि म्हटलं नेक्रोमॅन्सर घे आणि गाईड बंद कर, फक्त पहिले तीन दिवस.

काल संध्याकाळी पाऊस होता, दादा हिंदमातापाशी अडकला होता म्हणून पोरगी राहिली. आई आतल्या खोलीत माझं एक जुनं ब्लाऊज घेऊन बसली होती, पुढच्या महिन्यात लग्न आहे एक, त्यात घालायचं म्हणून ती माया काढून देणार होती, आता तिला दिसत नाही नीट, म्हणून मी ब्लेड घेऊन टीप उसवत होते आणि ती बोटांनी चाचपून सांगत होती कुठवर. बाहेरून कीबोर्डचा आवाज येत होता. आदल्या दिवशी पोरीकडे पाच सांगाडे होते, सेव्ह करून उठली होती, आज परत बसली तर एकटीच.

"आत्या, माझे सगळे गेले!"

मी म्हटलं हो, जातात.

"मग आता?"

मी काही बोलले नाही. आई म्हणाली काय झालं, मी सांगितलं तिची माणसं गेली. बाहेर थोडा वेळ काठीचा आवाज आला, हुकलेला, मग परत हुकलेला, मग लागलेला. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "एक पडू दे, फक्त एक पडू दे."